गोलामागे एक पाळी

प्रयोगशाळेच्या बेसिनखाली रिकाम्या बाटल्या साठतात. मुद्दाम कोणी साठवीत नाही. टाकूनही कोणी देत नाही. एके दिवशी खाली वाकावे तर चाळीस बाटल्या दिसतात आणि एकीवरही लेबल नसते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून काम करताना माझ्याजवळ जमलेल्या किश्श्यांची अवस्था नेमकी अशीच आहे. त्यातले बहुतेक फुटबॉलच्या पैजांचे आहेत, हे मी संकोचाने नमूद करतो. मी फुटबॉल खेळत नाही. पैज लावणे मला तत्त्वतः मान्य नाही. तरीही लग्नात, साखरपुड्यात, पालघर स्टेशनच्या बाकावर कोणीतरी मला गाठतो आणि म्हणतो, "चुरी, ते तुमच्या कारखान्यातलं गोलांचं काय होतं हो? परत एकदा सांगा ना!"

परत एकदा! हे मी इतक्या वेळा समजावून सांगितले आहे की हल्ली सांगताना माझे माझ्याकडेच लक्ष नसते. तेव्हा आता लिहूनच काढतो. जिथे खात्री आहे तिथे आकडे देईन; जिथे नाही तिथे तसे म्हणेन.

*

सुरुवात मॅथ्यूसाहेबांनी केली. ते आमच्या इन्स्ट्रुमेंट विभागाचे इंजिनियर. मूळचे केरळचे, अत्यंत सज्जन, मिशीला रोज कात्री लावणारे. एका यंत्राच्या प्रशिक्षणासाठी कंपनीने त्यांना आठ महिने इंग्लंडला पाठवले होते. ते परत आले तेव्हा यंत्राविषयी काय शिकले ते फारसे कळले नाही, पण पैजेचा एक नवा प्रकार मात्र पक्का शिकून आले होते.

पावसाळ्यात वसाहतीतल्या कारखान्यांची फुटबॉल स्पर्धा होत असे. दर रविवारी दुपारी, कॉलनीच्या मैदानावर, घोटाभर चिखलात. त्या वर्षीच्या पहिल्या सामन्याआधी मॅथ्यूसाहेबांनी कँटीनच्या टेबलावर चहाचे दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले.

"हमेशा का बेट क्या है? कौन जीतेगा. एक गोल से हारो या दस से, नुकसान सेम. इसमें वैसा नहीं," ते म्हणाले. "मैं दो आकडा बोलेगा. तीन और साडेतीन. पूरे मॅच में दोनों टीम का मिलाके कितना गोल होगा, ये मेरा अंदाज. तुमको लगता है ज्यादा होगा, तो साडेतीन पे 'वर' लो. लगता है कम होगा, तो तीन पे 'खाली' लो."

समजा, गोल पाच झाले. 'वर' घेतलेल्याला साडेतीनच्या पुढचे दीड मिळणार. 'खाली' घेतलेल्याने तीनच्या पुढचे दोन द्यायचे. गोल सात झाले, तर मिळणार साडेतीन आणि द्यायचे चार. थोडक्यात, तुम्ही चुकलात की नाही एवढ्यावर भागत नाही. किती चुकलात त्याप्रमाणे भरावे लागते. मधला अर्धा गोल आकडे सांगणाऱ्याचा. त्याचा धंदा त्या अर्ध्यावर चालतो.

पॅकिंगमधला हरेश तांडेल हे सगळे भुवया ताणून ऐकत होता. तारापूरजवळच्या किनाऱ्यावरचा, मच्छीमार घरातला. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असल्यामुळे त्याला घरी काम नसे आणि कारखान्यात तोंडाला विश्रांती नसे. शिवाय आमच्या टीमचा कॅप्टन.

"पन साहेब, म्याच जिकला कोन?" त्याने विचारले.

"कोई भी जीते."

"आमी हरलो तरी चालल?"

"चलेगा."

"मंग म्याच खेळायचीच कशाला?"

मॅथ्यूसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "गोल गिनने के लिए!"

*

पैसे लावायचे नाहीत, हे मॅथ्यूसाहेबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. आवारात जुगार खेळणाऱ्यास बडतर्फ करण्याचे कलम गेटजवळच्या फलकावर लावलेले होते. म्हणून ठरले की गोलामागे एक पाळी. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या जागी तेवढ्या पाळ्या काम करायचे; अर्ध्या गोलाचे चार तास. कारखान्यात पाळीची बदली करता येत असे. चिठ्ठीवर शिफ्ट इन्चार्ज सावेसाहेबांची सही झाली की हजेरी लागे. बदलीची परतफेड पुढे होते की नाही हे पाहण्याचे काम मात्र कोणाच्याच टेबलावर नव्हते. हे योग्य होते असे माझे म्हणणे नाही. असे होते, एवढेच मी सांगतो.

मधल्या अर्ध्या गोलाचे चार तास मॅथ्यूसाहेबांचे. ते त्यांनी असे वसूल केले: हरलेला मनुष्य चार तास इन्स्ट्रुमेंट विभागात बसून प्रेशर गेज पुसत असे.

त्या जुलैत मुख्य कचेरीतून तपासणी आली. पाहुण्यांनी आमचे गेज पाहिले, काच पाहिली, पितळ पाहिले, त्यात स्वतःचा चेहरा पाहिला. "इतकी उत्तम देखभाल मी कुठेही पाहिली नाही. याचे रहस्य काय?" त्यांनी विचारले.

मॅथ्यूसाहेब म्हणाले, "सर, फुटबॉल."

पाहुण्यांनी वहीत लिहून घेतले की कामगारांना खेळाचे उत्तेजन दिल्यास शिस्त सुधारते!

*

आता माझ्याविषयी. मी एकदाच पैज लावली.

मॅथ्यूसाहेबांनी हिशेबाचे काम माझ्यावर सोपवले होते, कारण माझे अक्षर स्वच्छ आणि पदवी मोठी. तांडेल मला 'मास्तर' म्हणे. हिशेबाच्या निमित्ताने आदल्या वर्षीच्या सर्व सामन्यांचे निकाल माझ्यापाशी आले. मी त्यांची सरासरी काढली. ती तीनपेक्षा थोडी कमी आली. मग आलेख काढला. आलेख सुरेख आला. मॅथ्यूसाहेबांचा आकडा होता तीन आणि साडेतीन. माझ्या मते तीनला 'खाली' घेणे सुरक्षित होते. समोर 'वर' घेणारा तांडेल.

"मास्तर, कागदावर पाऊस पाडलाव का?" तो म्हणाला. मला त्याचा अर्थ कळला नाही.

सामना मैदानाच्या पाम गावाकडच्या टोकाला वाहून गेला. त्या बाजूच्या गोलासमोर तळे झाले होते. दोन्ही टीमना अर्धा अर्धा सामना त्या तळ्यात उभे राहावे लागले आणि त्या दिवशी आमच्या विरोधकांच्या कीपरला पोहता येत नसावे. निकाल सात-दोन. नऊ गोल! तीनच्या पुढे सहा.

म्हणजे मी साडेपाच पाळ्या तांडेलच्या जागी पॅकिंगला उभा राहिलो आणि उरलेले चार तास गेज पुसले. जिंकलो असतो तर पॅकिंगमधल्या तांडेलने माझ्या जागी प्रयोगशाळेत काय केले असते, हा प्रश्न मला हरल्यानंतर सुचला.

त्या आठवड्यात पिवळ्या रंगाची बॅच भरणे चालू होते. पिवळा रंग कातडीवरून आठ-दहा दिवस हलत नाही, हे केमिस्ट या नात्याने मला माहीत होते. पॅकिंग संपले शनिवारी. रविवारी मला केळव्याला मुलगी पाहायला जायचे होते. तारीख माझ्या आईने महिन्यापूर्वीच दिलेली. कोपरापर्यंत हात, मान आणि एक कान, एवढा भाग पिवळा. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. पण पोहे घ्यायला हात पुढे करावाच लागतो.

मुलीची मावशी ओरडली, "अगबाई! हे तर हळद लावूनच आलेत!"

तिकडून नकार आला. कारण कळवले नाही. मीही विचारले नाही.

*

यानंतर जे आले ते हसण्यासारखे नव्हते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काशिनाथ वरठा पॅकिंगमध्येच होता. मासवणच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्याचा पाडा. पाच वर्षे हंगामी कामगार. दरवर्षी भाताची लावणी आली की आठ दिवस गावी जाई. आठ दिवस गैरहजर राहिला की नाव कमी होई आणि परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजणी. त्या वर्षी कायम करायच्या लोकांच्या यादीत प्रथमच त्याचे नाव आले होते. यादी ऑगस्टमध्ये लागणार होती. तोपर्यंत एकही खाडा चालणार नव्हता. इकडे बापाची कंबर धरलेली. घरी एकटी बायको. पावसाच्या पाण्यावरची शेती. पाणी असते तेव्हाच लावणी. रजा शिल्लक नव्हती, कारण हंगामी माणसाला रजा नसतेच.

एके दिवशी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"साहेब, मला आठ पाळ्या पायजेत."

"कोणाकडून?"

"गोलांकडून."

मी त्याला धोका समजावून सांगितला. नेहमीच्या पैजेत माणूस लावतो तेवढेच गमावतो. यात किती जाईल ते आधी कळत नाही. आठ मिळवायला जाशील आणि आठ देऊन बसशील.

तो शांतपणे म्हणाला, "हात जोडून कोनाला मागू? आठ दिवस कोन देल मला? हितं तरी जिकून घेईन."

एक गंभीर अडचण होती. वरठा आमच्या टीमचा गोलकीपर होता! पॅकिंगचे रबरी हातमोजे घालून अनवाणी उभा राही आणि फार कमी गोल खाई. पण कीपरने स्वतःच्याच सामन्यावर पैज लावायची? उद्या 'वर' घेऊन त्याने मुद्दाम चेंडू सोडले तर? मी मॅथ्यूसाहेबांकडे आक्षेप नोंदवला आणि नियमही मीच सुचवला: वरठाने फक्त 'खाली' घ्यायचे. म्हणजे गोल अडवण्यातच त्याचा फायदा. नियम सर्वांना पटला. मलाही आपण एक निर्दोष नियम केला असे वाटले.

तांडेलला तेवढे पुरले. "काश्या, तुझ्यासमोर 'वर' मीच घेनार! तू लावनी कर चिखलात, मी तुला हितंच लावतो!"

वरठाने हातमोजे झटकले. "घे. पन तुझ्या पाळीला मी नाय येनार, तूच येशील माझ्या पाळीला."

त्याच्या पहिल्या पैजेच्या सामन्यात आकडा चार आणि साडेचार. गोल झाले दोन. वरठाला दोन पाळ्या.

*

दुसऱ्या सामन्याचा वाद अजून मिटलेला नाही.

गोलाच्या खांबांना जाळी लागते. बाजारातून आणण्याऐवजी तांडेलने घरची जुनी मासेमारीची जाळी आणून दिली होती. स्वतः शिवून, गाठी मारून, खांबांना बांधून. "माझ्या जाळ्यातनं पापलेट सुटत नाय, तं चेंडू काय सुटल!" असे त्याने जाहीर केले होते.

त्या दिवशीही वरठाने चारला 'खाली' घेतले होते. तीन गोल झाले होते. शेवटच्या काही मिनिटांत तांडेलने स्वतः जोराचा फटका मारला. चेंडू खांबाच्या आतून गेला, जाळीला लागला आणि जाळीतूनच पलीकडे गेला! रेफरी कॉलनीतले एक बंगाली गृहस्थ होते, चष्म्यावर पाऊस. त्यांनी पाहिले तेव्हा चेंडू गोलाच्या मागे कुंपणापाशी पडलेला. त्यांनी बाहेर गेल्याची खूण केली.

"गोल हाय! गोल व्हता!" तांडेल त्यांच्यापुढे नाचू लागला. "जाळं फाटलाय, बघा! मी वळखतो ना माझं जाळं!"

लांबून वरठा आपल्या गोलातून धावत आला. आमच्याच टीमचा गोल. खरे तर त्याने तांडेलच्या बाजूने बोलायला हवे होते. तो म्हणाला, "हरेश, जाळं तुझा, भोक तुझा. रेफरीला कशाला बोलतोस?"

चौथा गोल धरला असता तर वरठाला काहीच मिळाले नसते. तीनच धरले गेले, म्हणून एक पाळी मिळाली. तांडेल दोन दिवस माझ्या टेबलापाशी येऊन भांडत होता. "मास्तर, अर्धा तरी धरा! आत तं गेला व्हता, थांबला नाय एवढंच!" एकेका तासासाठी तो असा भांडे. सोडून देणे त्याच्या स्वभावात नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्याने जाळी सोडून घरी नेली आणि भोक शिवून आणली. शिवताना, मला सांगण्यात आले, तो सबंध वेळ रेफरीशी बोलत होता.

*

मध्यंतरी सावेसाहेबांनी खेळ बदलायचा ठरवला. ते अधिकारी, त्यांना पाळ्या हरता येत नव्हत्या. मग त्यांच्यासाठी मॅथ्यूसाहेबांनी इंग्लंडमधला दुसरा प्रकार काढला. गोल मारणाऱ्यांच्या शर्टांवरच्या नंबरांची बेरीज! टीममध्ये अकरा जण, नंबर एक ते अकरा, म्हणजे तीन-चार गोलांची बेरीज साधारण वीसच्या आसपास. आकडा दिला वीस आणि चोवीस. एका नंबरामागे कँटीनचा एक चहा.

सावेसाहेब चिकूच्या वाडीचे मालक, हिशेबी माणूस. त्यांनी विसाला 'खाली' घेतले. चोवीसला 'वर' घ्यायला अर्थातच तांडेल.

सामना होता शेजारच्या कारखान्याच्या दोन विभागांत. टीम मैदानात उतरल्या आणि मॅथ्यूसाहेबांच्या हातातून छत्री पडली. त्या कारखान्याने यंदा नवे शर्ट शिवले होते आणि खेळाडूच्या पाठीवर त्याचा पंचकार्डाचा नंबर छापला होता, शर्ट हरवल्यास कोणाचा ते कळावे म्हणून!

पहिला गोल ४१७ नंबरने मारला. सावेसाहेब खाली बसले. दुसरा गोल ३०८ नंबरने मारला. सावेसाहेब उठले नाहीत. बेरीज सातशे पंचवीस!

"हे धरायचं नाही," सावेसाहेब म्हणाले. "हा काय नंबर आहे? हा तर हजेरीचा नंबर!"

"शर्टावरचा नंबर असंच ठरला व्हता," तांडेल म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. नियम मी लिहून ठेवलेला होता. दुर्दैवाने तो अगदी स्पष्ट होता.

तांडेलचे चहा झाले सातशे एक. त्याने खूप समजूतदारपणा दाखवला. "घाई नाय साहेब. रोज दोन द्या. वरीसभरात फिटल." आणि एकही दिवस न चुकता तो सावेसाहेबांच्या नावावर रोज दोन चहा पिऊ लागला, तहान असो वा नसो. तीन महिन्यांत त्याला पित्ताचा त्रास सुरू झाला. वसाहतीतल्या डॉक्टरांनी चहा बंद केला. सावेसाहेबांनी त्या दिवशी, मी ऐकले आहे, पेढे वाटण्याचा विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी तांडेल त्यांच्या केबिनमध्ये गेला. "साहेब, चा बंद केलाय डागदरनी. आजपासून दूद चालू करा."

*

आता अंतिम सामना. चहाचा त्रास पुढचा. हा सामना त्याच पावसाळ्यातला, आषाढ संपतानाचा रविवार. हा किस्सा मी शक्यतो सांगत नाही. लोक शेवटी "म्हणजे काय?" असे विचारतात.

वरठाचा हिशेब असा: दोन मिळाल्या, एक मिळाली, मधल्या एका सामन्यात एक गेली, उपान्त्य सामन्यात पुन्हा दोन. एकूण चार. लावणी सोमवारी सुरू करायची होती. रोपे वर आली होती, खाचरांत पाणी होते, बायकोचा निरोप येऊन गेला होता. पाहिजेत आठ, हातात चार.

मी त्याला थांबायला सांगितले. "चार आहेत त्या घे. चिखल वाढला आहे. गोल आठ झाले तर या चारही जातील."

"चार दिवसांत अर्धं शेत व्हतं साहेब," तो म्हणाला. "नि अर्धं शेत लावून वरीसभर खायचं काय?"

मॅथ्यूसाहेबांचा आकडा चार आणि साडेचार. वरठाने चारला 'खाली' घेतले, तांडेलने साडेचारला 'वर'. वरठाला आणखी चार पाळ्या हव्या होत्या. म्हणजे संपूर्ण सामन्यात एकही गोल होता कामा नये. त्यांच्याकडूनही नाही आणि आमच्याकडूनही नाही! आपल्या टीमने जिंकू नये अशी इच्छा असलेला कीपर आमच्या गोलात उभा होता आणि ते सगळ्या मैदानाला माहीत होते.

तो खेळला मात्र असा की मी त्यावर काही लिहू शकणार नाही. मला खेळातले कळत नाही. एवढेच सांगतो की पहिल्या अर्ध्यात त्याचा एक रबरी मोजा फाटला आणि त्याने दुसराही काढून टाकला. तांडेलही आमच्या बाजूने जीव तोडून धावत होता. जाता जाता वरठाला ओरडत होता, "काश्या, आज नाय सोडनार! रोपं वाळवतो तुझी!" साडेपाच वाजत आले तरी दोन्हीकडे शून्य.

आणि मग त्यांच्या एका खेळाडूने आमच्या फॉरवर्डला गोलापुढेच पाडले. शिट्टी. आम्हाला पेनल्टी.

कप आमचा! सावेसाहेबांनी टोपी उडवली. मग ती तशीच चिखलात पडू दिली, कारण त्यांच्याही लक्षात आले. आमच्या टीमच्या पेनल्टी वरठा मारीत असे. त्याच्या अनवाणी पायाचा फटका सर्वांत जोरकस, आणि त्या वर्षी त्याने एकही चुकवलेली नव्हती. त्याच्यासाठी मी जो निर्दोष नियम केला होता, त्यात कीपरने गोल मारण्याची शक्यता मी धरलेलीच नव्हती.

वरठा सबंध मैदान चालत आला.  त्याने चेंडू उचलला, शर्टाला पुसला, खुणेवर ठेवला. मग पुन्हा उचलला आणि तांडेलपुढे धरला.

"तू मार."

"येडा झाला का? पेनल्टी तुझी हाय."

"मी मारला नि गेला तं माझी एक दिवसाची लावनी जाते. मी मारला नि चुकला तं सगळे बोलतील, काश्यानं मुद्दाम चुकवला. तुला गोल पायजे ना? तू मार."

"पायजेच मला!" तांडेल म्हणाला. "कप येतो नि पाळी बी वाचते एक. आन इकडं!"

त्याने चेंडू ठेवला. सहा पावले मागे गेला. वरठा आपल्या गोलाकडे परत चालू लागला होता. त्याने मागे वळून पाहिले नाही. तांडेल धावला आणि त्याने फटका मारला. चेंडू आडव्या दांड्याच्या अंदाजे दीड पुरुष वरून गेला आणि कुंपणापलीकडच्या नाल्यात पडला.

शून्य-शून्य. अंधारून आल्यामुळे जादा वेळ दिला नाही. नाणे उडवले. आम्ही तेही हरलो.

सोमवारी वरठा मासवणला गेला. पहिले चार दिवस त्याने आधी जिंकलेल्या पाळ्यांचे, पुढचे चार या सामन्याचे. आठही दिवस त्याच्या जागी तांडेल उभा राहिला. त्या आठवड्यात निळा रंग चालू होता. दुसऱ्या दिवशी सावेसाहेब आणि मी पॅकिंगमध्ये गेलो, तर तांडेल कोपरापर्यंत निळा, फावड्याने पोत्यात रंग भरत होता. सावेसाहेबांच्या मनातून कप गेला नव्हता.

"तांडेल, खरं सांग," ते म्हणाले. "इतक्या जवळून? समोर एकटा कीपर! कसा चुकलास?"

तांडेलने फावडे थांबवले नाही.

"भरती लागली व्हती साहेब. भरतीला चेंडू वरच जातो."

सावेसाहेब वाडीवाले, त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले.

मी प्रयोगशाळेत परतलो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारची तिथी पाहिली. अमावास्या. शंका राहू नये म्हणून सातपाटीच्या दोघा मच्छीमारांना वेगवेगळे गाठून भरती-ओहोटीची वेळ विचारली. दोघांनी एकच वेळ सांगितली. तांडेलने पेनल्टी मारली तेव्हा पूर्ण ओहोटी होती.